सोसायटीतले रेन अँड मार्टिन

लिफ्ट बंद पडली की सोसायटीचा सेक्रेटरी नोटीस बोर्डावर इंग्रजीत कागद लावतो. 'लिफ्ट इज नॉट वर्किंग सिन्स टू डेज.' कागद लागून दहा मिनिटं होत नाहीत तोवर त्यावर तांबड्या बॉलपेनची रेघ उमटते. 'इज'च्या डोक्यावर 'हॅज', 'नॉट'च्या पुढे पाचर मारून 'बीन', 'सिन्स' खोडून 'फॉर'. समासात सुवाच्य अक्षरात: 'सी रेन अँड मार्टिन.' लिफ्ट दुरुस्त व्हायला पुढे आठवडा जातो. वाक्य मात्र त्याच दिवशी चालू होतं.

अशी रेघ ओढणारे काका डोंबिवलीत आहेत, ठाण्यात आहेत, कोथरूडला तर विंगनिहाय आहेत. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी सरकारी कचेरीत नाहीतर राष्ट्रीयीकृत बँकेत झालेली. सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं: निळं स्वतःसाठी, तांबडं जगासाठी. पाळण्यातलं नाव काहीही असो, सोसायटीत त्यांना 'रेन अँड मार्टिन' म्हणतात. नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडांना ही दोन माणसं वाटतात. एक रोज जिन्यात भेटतात, दुसरे बहुधा अंथरुणाला खिळलेले असावेत, असा त्यांचा बरेच दिवस समज असतो.

काकांची पिढी पाचवीत गेल्यावर एबीसीडी शिकली. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा काकांनी 'आता ना हे राहणार, ना ते' असं भाकीत केलं होतं आणि ते खरं ठरल्याचे पुरावे ते अजून गोळा करतात. त्यांच्या वेळी पाया तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घातला जाई. आधी मराठी वाक्य, मग त्याचं इंग्रजी, मग पुन्हा मराठी. वडिलांची प्रत थोरल्या भावाकडे आणि थोरल्याची धाकट्याकडे येई, तोवर पहिले आठ धडे गळालेले असत. त्यामुळे काही घरांत धाकट्यांचं इंग्रजी एकदम नवव्या धड्यापासून सुरू झालेलं आहे. मॅट्रिकच्या सुमाराला हातात रेन अँड मार्टिनचं इंग्रजी व्याकरण आलं. त्यापुढे काकांनी दुसरं दैवत केलं नाही.

या दैवतातले रेन, म्हणजे पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. जगात त्यांचं नाव झालं ते मात्र १९२४ सालच्या 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे. फ्रेंच फॉरिन लीजन, आफ्रिकेतलं वाळवंट, चोरीला गेलेला नीलम, जिवाला जीव देणारे तीन भाऊ. अख्ख्या देशाला ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करायला लावणारा माणूस घरी बसून तलवारबंदुकीच्या गोष्टी लिहीत होता, हे एकदा कोणीतरी काकांच्या कानावर घातलं. काका शांतपणे म्हणाले, 'ते दुसरे रेन असतील.'

बाकीचं शिक्षण रेडिओने केलं. क्रिकेटचं इंग्रजी धावतं वर्णन. आणि रोज इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख मोठ्याने वाचणं. अर्थ कळलाच पाहिजे अशी अट नव्हती. पुढे फोर्टातल्या कचेरीत ड्राफ्टिंग आलं आणि काकांचं इंग्रजी त्या साच्यात कायमचं गोठलं. आजही केबलवाल्याला तक्रार लिहायची तर ते 'आय ॲम डायरेक्टेड टू स्टेट'ने सुरुवात करतात. कोणी डायरेक्ट केलं? काकूंनी. त्यांची मालिका दिसत नव्हती. म्हणजे वाक्य व्याकरणाने आणि वस्तुस्थितीनेही बरोबर.

काकांची चेष्टा पुष्कळ होते, पण त्यांच्या हाती एक विद्या आहे आणि ती खरी आहे. कोणाचंही चुकलेलं इंग्रजी वाक्य त्यांच्यापुढे ठेवा, त्याखालचं मराठी ते क्षणात उकरून काढतात. 'आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स' असं कोणी म्हणालं की काका विचारतात, 'मनात "दोन तासांपासून" म्हणालास ना?' मराठीत सोमवारपासूनही वाट पाहता येते आणि दोन तासांपासूनही. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स' आणि किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. 'मॅरीड विथ'मध्ये त्यांना 'हिच्याशी लग्न' ऐकू येतं, 'क्लोज द फॅन'मध्ये 'पंखा बंद कर', 'टुडे मॉर्निंग'मध्ये 'आज सकाळी', 'डिस्कस अबाउट'मध्ये 'त्याविषयी चर्चा'. 'आय लिव्ह इन डोंबिवली ओन्ली' म्हणणाऱ्याला ते सांगतात की हा 'ओन्ली' म्हणजे आपला 'च' आहे. 'डोंबिवलीतच' मधला 'च' तुला टाकवत नाही, म्हणून तू त्याला कोट-टाय घालून इंग्रजीत नेतोस. वर 'हॉट हॉट टी'. गरम गरम चहा मराठीतच प्यावा, इंग्रजीत तो एकदाच गरम असतो.

'द' आणि 'अ' हा तर काकांचा खास प्रांत. मराठीत ही भानगडच नाही. 'कुत्रा भुंकतोय' म्हटलं की कोणता कुत्रा ते ऐकणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यायचं. त्यामुळे आपल्याकडे दोन पंथ झाले आहेत: एक 'द' मुळीच न वापरणारा आणि दुसरा फोडणीत मोहरी टाकावी तसा तो मुठीने टाकणारा. सेक्रेटरी दुसऱ्या पंथातला. त्याच्या नोटिशीत 'द वॉटर', 'द सायलेन्स', एवढंच काय 'द डोंबिवली' येते. आणि 'अ' कुठे, 'ॲन' कुठे? तिथे स्पेलिंग नाही, कान चालतो. म्हणून 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. 'ॲन एमएलए', पण 'अ मेंबर'. आमदारांच्या सत्काराच्या फलकावर काकांनी हे दुरुस्त केलं होतं. कार्यकर्त्यांना वाटलं, विरोधी गटाने खोडसाळपणा केला. दोन दिवस नाक्यावर तणाव होता.

इतकं पक्कं माहीत असलेल्या माणसाने इथेच थांबावं, पण काकांच्या पोतडीत काही जुन्या समजुतीही आहेत आणि त्यांना ते तितक्याच निष्ठेने धूप घालतात. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येता कामा नये, ही त्यातली मोठी. सतराव्या शतकात ड्रायडनने बेन जॉन्सनच्या वाक्यांना या कारणासाठी नावं ठेवली आणि पुढच्या मास्तरांनी ते धरून बसवलं. हेन्री फाउलर या इंग्रज कोशकारानेच १९२६ साली, आपल्या 'मॉडर्न इंग्लिश युसेज'मध्ये, तो नियम अंधश्रद्धेत काढला. काकांना शंभर वर्षांनंतरही ती बातमी पोचलेली नाही. 'प्रीपोन' हा शब्द ऐकला की त्यांना ठसका लागतो. तो ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला आहे हे दाखवलं, तर म्हणतात, 'ऑक्सफर्डही पूर्वीचं राहिलं नाही.' 'काइंडली डू द नीडफुल'ला मात्र पूर्ण अभय. साहेबाने स्वतःच्या देशात तो प्रयोग कधीच माळ्यावर टाकला, पण काकांनी नोकरीभर तो रोज लिहिला. पेन्शन त्याच्यावर मिळते आहे.

चुलत, मामे, आते, मावस अशी चार प्रकारची भावंडं असलेल्या माणसाला इंग्रजीने एकच 'कझिन' द्यावा, हा अन्याय काकूंना कधीच पटला नाही. त्या बिनदिक्कत 'कझिन ब्रदर' म्हणतात. काका सांगतात, 'नुसतं कझिन म्हणावं.' काकू विचारतात, 'मग भाऊ की बहीण ते कळणार कसं? आहेर शर्टपीसचा करायचा की साडीचा?' हा प्रश्न रेन अँड मार्टिनमध्ये घेतलेला नाही.

मोबाइल आल्यापासून काकांचा व्याप वाढला. बोर्ड एकच होता; ग्रुप अकरा आहेत. वाढदिवस, गणपतीची वर्गणी, पाण्याचा टँकर, सगळ्याखाली काकांची चांदणी उमटते आणि चांदणीपुढे शुद्ध रूप. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं निधन झालं आणि नातवाने कळवलं, 'ग्रँडफादर पास्ड आउट यस्टरडे नाइट.' ग्रुप श्वास रोखून होता. सगळ्यांचं लक्ष आजोबांपेक्षा काकांकडे. काकांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, एवढंच. माणूस अखेर माणूस असतो, असं आम्ही म्हणालो. दहावा झाला त्या संध्याकाळी नातवाला खासगी निरोप गेला: 'पास्ड आउट म्हणजे बेशुद्ध पडले. पास्ड अवे हवं. शिवाय लास्ट नाइट.' काकू म्हणाल्या, निदान तेरावा तरी होऊ द्यायचा.

मराठीच्या बाबतीत मात्र हाच माणूस सैल. इंग्रजी शाळेतली धाकटी नात 'मी आंघोळ घेतली', 'आजोबा, माझी मदत करा ना' असं म्हणते तेव्हा तांबडं पेन खिशात स्वस्थ असतं. कोणी लक्ष वेधलं तर काका हात झटकतात: 'घरातली भाषा. कळलं की झालं!'

आणि काका इंग्रजी बोलतात का? हा प्रश्न सोसायटीत कोणी विचारत नाही, कारण कोणी ऐकलेलंच नाही. बोलायची वेळ आली की त्यांच्या डोक्यात कचेरी भरते. कर्ता टेबलावर येतो, त्याचं वचन तपासलं जातं, काळाची सही होते, 'अ' की 'द' यावर फाइल थोडी अडकते, आणि वाक्य मंजूर होऊन ओठांवर येईस्तोवर समोरचा निघून गेलेला असतो. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलींचे फोन त्यामुळेच त्यांच्याकडे फार टिकत नाहीत. त्यांनी आयुष्यभर इंग्रजीतल्या चुका टाळल्या, त्या सगळ्यांत खात्रीच्या मार्गाने.

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायचं ठरलं, तेव्हा हा मार्ग बंद झाला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाची मुलाखत होती. काकांनी संभाव्य प्रश्नोत्तरं वहीत लिहून काढली, संपूर्ण वाक्यांत, दोन्ही व्हॉइसमध्ये. खिडकीपलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने कागद चाळत विचारलं, 'सो, हाउ लाँग यू गॉना स्टे?'

काका थिजले. यात 'आर' कुठे आहे? 'गॉना' हे काय आहे? प्रश्नच अशुद्ध असेल तर शुद्ध उत्तर कोणत्या काळात द्यायचं?

काकू पुढे झाल्या. 'डॉटर डिलिव्हरी. सिक्स मंथ. देन रिटर्न बॅक. हाउस हिअर, सन हिअर, तुळस हिअर.'

अधिकारी हसला, म्हणाला, 'एन्जॉय द बेबी,' आणि पासपोर्ट ठेवून घेतले. बाहेर रिक्षाच्या रांगेत काकांना कंठ फुटला. 'मंथ्स. आणि रिटर्नमध्येच बॅक येतं.'

'येऊ दे,' काकू म्हणाल्या. 'त्याला पक्कं कळलं ना, परत येणार ते?'

मुलीकडे एडिसनला पोचल्यावर सुरुवातीचे दिवस काका उदास होते. जावई 'लेट मी बॉरो यू माय जॅकेट' म्हणणाऱ्या शेजाऱ्याशी हसून बोलतो, टीव्हीवर लोक 'डझन्ट'च्या जागी 'डोन्ट' वापरतात, दुरुस्त करायला बोर्ड नाही. मग एका दुपारी मुलगी त्यांना किराणा घ्यायला मोठ्या दुकानात घेऊन गेली. पैसे भरायच्या रांगेवर फलक होता: 'टेन आयटेम्स ऑर लेस.' काका ट्रॉली सोडून फलकासमोर उभे राहिले. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर'. साक्षात साहेबाच्या भाषेच्या मुलखात, इतक्या ठळक अक्षरांत! हात खिशाकडे गेला, पण मुलीने मनगट धरलं. तेव्हा त्यांनी फोटो काढला, मोबाइलवरच तांबडं वर्तुळ ओढलं आणि 'सी रेन अँड मार्टिन' लिहून सोसायटीच्या ग्रुपवर धाडला.

इथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी अंगठे आले, फुलं आली, एकाने न वाचताच 'हॅपी बर्थडे काका' म्हटलं. शेवटी सेक्रेटरीने लिहिलं, 'मिसिंग यू काका. व्हेन यू आर रिटर्निंग बॅक?'

काका काहीतरी टाइप करत असल्याचं बराच वेळ ग्रुपवर दिसत राहिलं. थांबायचं, पुन्हा दिसायचं. मग निरोप आला: 'ऑन द ट्वेंटिथ. काइंडली डू द नीडफुल रिगार्डिंग मिल्क अँड न्यूजपेपर.'

आणि मिनिटाभराने खाली चांदणी: 'व्हेन आर यू.'