थंड हवेचे ठिकाण

कंपन्यांमधली परदेशी भागीदारी ४० टक्क्यांवर आणा, असं परकीय चलनाच्या १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याने फर्मावलं. आयबीएम या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीला ते मानवलं नाही. १९७८ साली तिने भारतातून गाशा गुंडाळला. मागे उरली यंत्रं. ती सांभाळायला सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन होतं आणि त्यात दादरहून दिल्लीला आलेला मी फील्ड इंजिनिअर होतो. करोल बागेतल्या घरमालकिणीला माझं काम समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, “अच्छा बेटा, फिर हमारा कूलर भी देख लेना.”

मी बघायचो ते आयबीएमचं १४०१ हे यंत्र. कपाटांएवढी धुडं, पण स्मरणशक्ती फार तर १६,००० अक्षरांची. छापायचं मात्र मिनिटाला ६०० ओळी. लक्षात थोडं आणि बोलणं फार, म्हणजे सरकारी नोकरीत अगदी मुरलेलं.

त्याला गारवा लागे. त्यामुळे मे महिन्यात, बाहेर लू भाजून काढत असताना, अख्ख्या सरकारी खात्यात यंत्राची खोली तेवढी थंडगार. एका खात्याचा फोन तर पारा चढला की हमखास यायचा: मशीन बंद! अवजारांची जड बॅग सावरत डीटीसीच्या बसमधून लोंबकळत मी पोहोचायचो. दारात चपलांचा ढीग. आत शाल पांघरून स्वेटर विणणाऱ्या अकाउंट्सच्या बाई, फायलीवर डोकं टेकलेले सेक्शन ऑफिसर आणि टेपच्या कपाटाआड घोरणारे युनियनचे पुढारी. सगळ्यांना यंत्राच्या प्रकृतीची काळजी. “इंजिनिअरसाहब, जल्दी मत कीजिए, आराम से देखिए.”

बघण्यासारखं काही नसायचंच. दार सतत उघडं, आत माणसांची ऊब. तापमान वाढलं की यंत्र स्वतःच्या जिवासाठी आपोआप बंद पडे. मी अहवालात लिहिलं, ‘खोलीत गर्दी नको.’ लगेच गर्दीची कारणं शोधायला समिती नेमली गेली. तिच्या बैठका यंत्राच्याच खोलीत होऊ लागल्या, आणि दर बैठकीला यंत्र बंद.

अखेर समितीने जादा एसीची शिफारस केली. तो मंजूर झाला, आला आणि समितीच्या अध्यक्षांच्या केबिनमध्ये बसला. दुसऱ्या दिवसापासून बाई, शाल, फायली, पुढारी सगळे तिकडे. यंत्र ठणठणीत.

दुरुस्तीच्या वहीत मी नोंद केली: ‘बिघाड साहेबांच्या केबिनमध्ये हलवला आहे.’