मकबऱ्याचा घुमट आणि कोसंबींच्या वाटा

– काय हो वहिनी, सकाळी सकाळी नातवावर कशाला ओरडू लागलात?

– ओरडू नको तर काय करू बाई? त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 पेक्षा जास्त येते म्हणतोय. वर तुमचंच नाव सांगतोय.

– मग खरंच आहे की! मकबऱ्याचा घुमट अगदी अर्धा गोल आहे असं धरा. टोकावरून दोन रेषा काटकोनात खाली काठापर्यंत सोडा. काठाशीही काटकोनच होतात. झाले 270! कागदावर युक्लिडचं राज्य, घुमटावर नाही. लोबाचेव्स्कीनं 1829 मध्ये, बोल्यायनं 1832 मध्ये अशीच वेगळी भूमिती छापली, तिथं तर बेरीज 180 पेक्षा कमी येते. गाउसला आधीच सुचलं होतं, पण लोक बोंब मारतील म्हणून गप्प बसला.

– एवढा मोठा माणूस, आणि भ्यायला?

– तर! 1854 मध्ये रीमाननं सगळ्याच वाकड्या अवकाशांचं दार उघडलं. पुढं त्यात आपला एक माणूस शिरला. दा. ध. कोसंबी.

– ते इतिहासवाले? त्यांना मुंबईच्या संस्थेतून काढलं होतं ना?

– बघा, नको तेच लक्षात राहतं! 1962 मध्ये करार वाढवला नाही, एवढंच. रीमानचं गृहीतक सोडवल्याचा त्यांचा दावा फसला होता, हेही खरं. पण 1933 मध्ये फर्ग्युसनला असताना जर्मन नियतकालिकात जे छापलं, ते कोण सांगतं? रीमान आधी अंतर कसं मोजायचं ते ठरवतो, मग जवळची वाट निघते. कोसंबी म्हणाले, अंतर राहू द्या, आधी वाटांची समीकरणं द्या, भूमिती त्यातूनच काढतो. त्याच अंकात पाठोपाठ थोर गणिती कार्तानचं टिपण! पुढं चर्न या गणितज्ञानंही त्याला हात लावला. आजही कोसंबी-कार्तान-चर्न असं तिघांचं नाव घेतात, आणि त्यात पहिलं आपलं.

– माणूस फार गंभीर असेल.

– कसला गंभीर! 1931 मध्ये, फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेयल अलिगढला होता तेव्हा, त्याच्या चिथावणीवरून एका सहकाऱ्याची जिरवायला यांनी शोधनिबंध लिहिला, बुर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयावर. असा कुणी नव्हताच! पुढं वेयलनं फ्रान्सात मित्र जमवले आणि त्याच आडनावानं गणिताचे जाडजूड ग्रंथ काढले.

– अगं बाई! मग मानधन कुणाच्या नावानं यायचं?