शिसवीची पाठ

लाखाच्या पुढची गिटार नुसती वाजत नाही म्हणे, तिला स्वभाव असतो. कुणी कोरडी, कुणी उबदार, कुणाचा खर्ज गोल. पुण्यात नोकरीला असलेला माझा पुतण्या सुट्टीत गावी, पालीला आला की रात्री गच्चीवर मला हे समजावून सांगतो. बिंदुसरेच्या तलावाकडून वारा येत असतो, महामार्गावर ट्रक धावत असतात आणि हा फोन माझ्या कानाला लावून विचारतो, "काका, ही डी-१८, ही डी-२८. फरक कळला?" मला ट्रकमधला फरक कळतो. तरी मी मान हलवतो.

दोन्ही गिटारी मार्टिन कंपनीच्या. घराणं १८३३ पासूनचं. दोघींचा आकार एकच, 'ड्रेडनॉट', हे नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून आलेलं. समोरची पाटी दोघींना स्प्रूसची. फरक पाठीत. १८ची पाठ महोगनीची, म्हणून म्हणे तिचा स्वर सुटा नि स्वच्छ. २८ची रोजवूडची, ती खर्ज घुमवते आणि वर स्वरांची झालर लावते. पुतण्याच्या मते १८ मोजकं बोलते आणि २८ कीर्तनाला उभी राहते.

पूर्वी हे रोजवूड ब्राझीलचं असे. ते मिळणं अवघड झालं तसं १९६९च्या सुमारास कंपनी भारतीय रोजवूडकडे वळली. भारतीय रोजवूड म्हणजे आपली शिसव! हा शोध लागला त्या दिवसापासून माझ्या आईच्या माहेरच्या पेटीवर संकट आलं. पुतण्या पेटीला कान लावून बोटाच्या पेरानं टकटक करत होता.

"कशाला ठोकायलास रे?"

"आजी, हिच्यातून दोन गिटारींच्या पाठी निघतील."

"अन् लुगडी कुठं ठेवू, तुझ्या गिटारीत?"

तसं पाहिलं तर खरी कारागिरी पाठीत नाहीच. सहा पोलादी तारा मिळून ७० किलोच्या वर ओढ लावतात, ती सोसायची समोरच्या जेमतेम तीन मिलिमीटरच्या पाटीनं. पाटी जाड ठेवली तर टिकते, पण मुकी होते. पातळ केली तर बोलते, पण पुढं पोट काढते. म्हणून आतून फुलीसारख्या पट्ट्या चिकटवतात आणि त्या पट्ट्याही कारागीर तासून तासून हलक्या करतो. कुठं थांबायचं हे ज्याच्या हाताला कळतं, त्यानं पैसे मागावेत. एवढं करून त्या लाकडाला हवेत ४५ ते ५५ टक्के ओलावा लागतो. मे महिन्यात पालीत तो कुठून आणायचा? त्यामुळं टँकरच्या दिवसांतही पुतण्याच्या गिटारीच्या पेटीत ओला स्पंज असतो. माणसांआधी तिला पाणी.

स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसनं १८६२ साली एक गिटार केली, तिची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या. समोरची पाटी मात्र नीट लाकडाची. आवाज कुठून येतो हे त्याला दाखवायचं होतं. आमच्याकडं सप्ताहात वीणा रात्रंदिवस पहाऱ्याला उभी असते, खाली टेकत नाही. तिचा भोपळा कुठल्या शेतातला, असं विणेकऱ्याला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

याहून जालीम गोष्ट २०१८ची. इंग्लंडमध्ये संशोधकांनी सहा गिटारी घेतल्या. सगळं एकसारखं, फक्त पाठीचं आणि कडांचं लाकूड वेगळं, महागड्या ब्राझिलियन रोजवूडपासून साध्या महोगनीपर्यंत. ५२ वादकांना वेल्डिंगवाल्यांचे काळे चष्मे लावले, अंधुक उजेडात बसवलं आणि वाजवायला दिलं. आवाजाला मिळालेले गुण जवळपास सारखेच. कुठली गिटार कुठल्या लाकडाची, हे खात्रीनं ओळखता येईना.

हे मी जेवताना मोठ्या उत्साहानं सांगितलं. मनात म्हटलं, आता पेटीवरचं संकट टळलं. पुतण्या शांतपणे भाकरी मोडत होता.

"काका, डोळे बांधून कुणी खरेदी करतं का? मला ती मांडीवर घेऊन बघायचीय पण."

माझी मदार आता आईवर. पण ती म्हणाली, "खरंय त्याचं. लुगडं काय नुसतं अंगाला लागतं म्हणून घेत्यात व्हय? काठ बघत्यात, पदर बघत्यात."

पुतण्याला हुरूप आला. हात धुऊन आल्या आल्या त्यानं विचारलं, "आजी, पेटी किती जुनी म्हणालीस?"