काठावरचे माळकरी

अनसिंगात बापूंना माळकरी म्हणून ओळखतात आणि पैनगंगेच्या काठावर गरीवाले म्हणून. या दोन ओळखींची कधी समोरासमोर गाठ पडू नये, एवढीच बापूंची विठ्ठलाजवळ मागणी असते.

एका आषाढीला पंढरपुरात त्यांनी माळ घातली. मटण सुटलं, अंडं सुटलं, तंबाखूसुद्धा सुटली. नदी मात्र सुटली नाही. आता ते गरीला हात लावत नाहीत, गरी धरलेल्या पोरांच्या मागं उभे राहतात. "मी कुठं मासा धरतो? मी फक्त सांगतो," हा त्यांचा खुलासा. सांगणाऱ्याला पाप किती लागतं, हे त्यांनी अजून कोणत्याही कीर्तनकाराला विचारलेलं नाही. उत्तर मिळायची भीती वाटते.

श्रावणात पैनगंगा चहाच्या रंगाची होते आणि पुलाच्या खांबांवर आदळत पुढं इसापूर धरणाकडं निघते. नवखं पोरगं हटकून ऐन धारेत गरी फेकतं. मग बापूंचा पाठ सुरू होतो. "काबे, बाजाराच्या दिवशी तू रस्त्याच्या मधात बसतं का? ओट्यावर बसतं नं? मासाबी तसाच. खडकामागं, खांबामागं, तोंड धारेकडं करून. घरपोच जेवन पायजे त्याले!" म्हणून गांडूळ वरच्या अंगाला टाकायचं आणि धारेसोबत त्या आडोशात उतरू द्यायचं. तंगुसाला शिसं इतकंच, की ते तळाला टेकत टेकत चाललं पाहिजे. जास्त झालं की दगडात अडकतं, कमी झालं की मासा बघेपर्यंत गांडूळ धरणात.

बापूंचा पुतण्या अमेरिकेत, मिनेसोटात. त्यानं व्हिडिओ कॉलवर तिकडचा वॉलाय नावाचा मासा दाखवला. त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात, गढूळ पाण्यात आणि अंधारातही त्याला दिसतं, आणि 1965 पासून तो तिथला राज्यमासा आहे. बापूंनी डोळ्यांचं कौतुक केलं, पण राज्यमासा हा शब्द त्यांना झोंबला. आपला कोणता, म्हणून चौकशी केली, तर 2023 मध्ये पापलेट जाहीर झालेलं. "घ्या! खाऱ्या पान्याचा! मुंबईवाल्याइनं तेबी नेलं. शिंगाड्याचा अनुशेष राह्यलाच नं!" हा शिंगाडा म्हणजे नदीतला मिशाळ मासा, हे वेगळं सांगायला नको. विदर्भावरच्या अन्यायांच्या यादीत हे कलम बापूंनी स्वतःच्या अधिकारात घातलंय.

मासा लागल्यावर तर बापूंना पाहावं. पोरगं घाबरून काठी वर उचलतं आणि सरळ स्वतःकडं ओढतं. त्यात माशाचं वजन आणि धारेचा जोर, दोन्ही त्या बिचाऱ्या तंगुसावर. "ढील दे बे! धारेसंगं भांडू नको, तिच्यासंगं चाल!" काठी आडवी, पाय खालच्या अंगाला. चालत चालत माशाला संथ पाण्यात आणायचं. टोपलं मागून न्यायचं नाही, माशाच्या खाली बुडवून ठेवायचं, मग धारच त्याला आत आणून सोडते. आणि शिंगाडा असेल तर पंखाजवळ हात नाही. तिथले काटे असे लागतात, की माळ नसलेल्यालाही विठ्ठल आठवतो.

गेल्या श्रावणातल्या एकादशीची गोष्ट. बापू उपाशी, कपाळी बुक्का, आणि "सहज चक्कर मारायले" नदीवर. शेजारच्या पोराला मोठं काहीतरी लागलं. बापू ओरडतायत, पोरगं ऐकत नाही, आणि हिसक्यासरशी काठी हातातून सुटून चालली वाहत. पुढं काय झालं याचे साक्षीदार तिघे आहोत आणि तिघांनाही शपथ घातलेली आहे. एवढंच सांगतो, की टोपी काठावर होती, माळ पाठीवर फिरवलेली होती आणि बापू छातीभर पाण्यात काठी आडवी धरून, कोणीही न ओरडता, अगदी बरोबर खालच्या अंगाला चालले होते.

मासा काठावर येताच त्यांनी काठी पोराच्या हातात दिली. वाटा मागितला नाही, शिंगाड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मोटारसायकलवर मागं बसल्यावर तेवढं विचारलं, "किती भरला असंल?"

घरी काकूंनी ओलं धोतर पाहिलं.

"एकादशीचं स्नान," बापू म्हणाले.

काकूंनी सदरा हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि काही न बोलता साबणाच्या दोन वड्या काढल्या. संध्याकाळी बापूंचा फोन आला. मला वाटलं, शपथेची आठवण करून द्यायला असेल.

"तोलला का बे त्यानं?"