व्यासांशी संपर्क होऊ शकला नाही

आमच्याकडची लेकरं पहिलं अक्षर काढतात ते बासरच्या सरस्वतीपुढे. धर्माबादेत गाडीत बसायचं, घरचा चिवडा संपायच्या आत बासर येतं. मीही तिथंच पाटीवर पेन्सिल धरली. देवीला लावलेली हळद चिमूटभर चाखली की बुद्धी येते, अशी श्रद्धा आहे. आजीनं मला चिमटीवर न थांबता चांगली बोटभर चाटवली. त्यामुळे बी.ए.नंतर मी नांदेडच्या विद्यापीठात माध्यमशास्त्राला नाव घातलं, तेव्हा तिला फार लागलं. "एवढी हळद खाऊन शेवटी माइकच धरायचा का गं?"

माइकचं खूळ जुनं होतं. जुलै 2010 मध्ये आंध्रचे चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन गोदावरीवरचा बाभळी बंधारा बघायला निघाले, आणि पोलिसांनी त्यांना अडवून आमच्या धर्माबादच्या आय.टी.आय.मध्ये ठेवलं. मिरचीच्या भावापलीकडे जिथं कधी बातमी घडली नाही, तिथं डोक्यावर छत्र्या घेतलेल्या तेलुगू चॅनेलच्या गाड्या उभ्या राहिल्या. मी पहिलीत होते. एक वार्ताहर कॅमेऱ्यापुढे असा ओरडत होता की गाव बुडालंच. कॅमेरा बंद झाला तसा तो शांतपणे भजी खायला लागला. ओरडायचं, मग भजी. मी ठरवून टाकलं.

विद्यापीठात भजी होती, ओरडणं नव्हतं. पहिल्या सत्रात सरांनी माझी विशेषणं छाटली. दुसऱ्यात "असं म्हणतात" वर बंदी घातली. कोण म्हणतं ते लिहा, नाहीतर लिहू नका. आणि वर बासरवर लेख करून आणायला सांगितला. ज्या गावातली निम्मी वाक्यं "म्हणतात" वर संपतात, त्या गावावर!

बासरला माझा मामा राहतो. तोच माझा वाटाड्या, तोच माझा स्रोत.

"व्यासांनी रोज गोदावरीतून तीन मुठी वाळू आणली," मामा म्हणाला, "त्याच्या तीन देवी झाल्या. सरस्वती, लक्ष्मी, काली."

"कोण म्हणतं?"

"कामून? व्यासच म्हणतात की!"

मी वहीत लिहिलं : व्यासांशी संपर्क होऊ शकला नाही.

मग वेदवती शिळा. वेगवेगळ्या जागी ठोकलं की वेगवेगळा नाद येतो, आत सीतेचे दागिने आहेत. मी नाण्यानं ठोकून पाहिलं. नादाची खात्री झाली, दागिन्यांना दुजोरा मिळाला नाही. मामानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू दागिने मीच लांबवले.

बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव टाकताना तर पंचाईतच झाली. मामाच्या वडिलांची बाज पडवीत एकाच जागी असते. पण 1956 पर्यंत ती हैदराबाद राज्यात, नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यात होती. मग आंध्र प्रदेश, जिल्हा आदिलाबाद. 2014 ला तेलंगण. 2016 ला जिल्हा निर्मल. "मी काही हाललो नाही," आजोबा म्हणतात, "सरकारच हिंडतंय." लेखातलं हे एकच वाक्य सरांनी कापलं नाही. कोण म्हणतं ते त्यात लिहिलेलं होतं.

खरं शिक्षण मात्र बाभळीनं केलं. बंधारा आमच्या तालुक्यात, पाण्याची वाट बघणारं श्रीरामसागर धरण खाली तेलंगणात, आणि मधल्या बासरला मामा. सर्वोच्च न्यायालयानं 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल दिला : 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बंधाऱ्याचे 14 दरवाजे उघडे ठेवायचे, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. न्यायालयापुरता वाद मिटला, आमच्या ओसरीवरचा नाही. बाबा मराठी पेपर आपटून सांगतात की ऐन पावसाळ्यात आमचं पाणी जातं. मामा तेलुगू 'ईनाडू' उघडून सांगतो, पुरात नदीला कोण अडवणार, बोला उन्हाळ्याचं. दरवाजे तेच, पाणी तेच. बाबांच्या पेपरात ते जातं, मामाच्या पेपरात येतच नाही.

दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचायचे, तर एक मला वाचताच येत नव्हता. मग मामानं दिवाळीच्या सुट्टीत मला तेलुगू बाराखडीला बसवलं. विशीत दुसऱ्यांदा अक्षराभ्यास, तोही सरस्वतीच्या गावात. या खेपेला हळद मिळाली नाही, मामीनं चहा दिला. अक्षरं लागायला लागली तसा मामा चेकाळला. "तुमची ई टीव्ही मराठी कुठून निघाली? आमच्या हैदराबादेतून, रामोजी फिल्म सिटीतून! तुमच्या बातम्या तुम्हाला आम्हीच सांगायचो." हे खरं होतं, ती वाहिनी 2000 साली तिथूनच सुरू झाली. तरी मी दोन ठिकाणी विचारून खात्री केली. मामा दोन दिवस बोलला नाही.

पुढच्या 1 जुलैला मी बंधाऱ्यावर गेले. दोन्ही राज्यांचे अधिकारी छत्र्या धरून उभे होते, केंद्रीय जल आयोगाचेही. ओरडावं असं काहीच नव्हतं. मी लिहिलं, "दरवाजे उघडण्यात आले." सरांनी विचारलं, "कोणी? आपोआप?" मग मी परत जाऊन दरवाजे चालवणाऱ्या माणसाला गाठलं. एवढ्या वर्षांत पेपरवाल्यानं पहिल्यांदाच काही विचारलं, म्हणाला, आणि पाण्यावर सोडून सगळ्यावर बोलला : ग्रीस, पगार, गुडघा.

बातमीत मी बाबांची बाजू लिहिली, मामाची लिहिली आणि दरवाजेवाल्याचा गुडघाही घातला. बाबा म्हणाले, पोरगी तेलंगणाला मिळाली. मामा म्हणाला, चिन्नी शेवटी बापावर गेली. मग बाबांनी मामाला स्वतःहून फोन केला, आणि हिला शिकवून चूक झाली यावर दोघांचं तासभर एकमत झालं. हे मला आईनं सांगितलं, नाव न छापण्याच्या अटीवर.