रॉकचे निरूपणकार

गाणं ऐकून माना डोलावणारे पुष्कळ असतात. हे त्यातले नव्हेत. गाणं लागलं की हे डोळे मिटून बसतात आणि गिटार रंगात यायच्या नेमक्या क्षणी पॉजचं बटण दाबून विचारतात, "कळलं का, त्याला काय म्हणायचंय ते?" आपण "हो" म्हटलं तर परीक्षा, "नाही" म्हटलं तर प्रवचन.

निरूपणकारांचं वय पन्नाशीच्या पुढे. इंग्रजी गाण्यांचा नाद इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर लागलेला. तिथं कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक, अशी चौथ्या पिढीची कॉपी वाट्याला यायची. निम्मे शब्द ऐकूच येत नसत. ते मनानेच भरून काढावे लागत. पुढे शब्द नेटवर मिळू लागले, तेव्हा हे अर्थ मनाने भरू लागले.

यांचा मुख्य ग्रंथ 'हॉटेल कॅलिफोर्निया'. ईगल्सनी 1976 साली काढलेलं गाणं. निरागसपणाकडून अनुभवाकडे जाणारा प्रवास आणि अमेरिकन चंगळीचा अतिरेक, असा त्याचा खुलासा खुद्द डॉन हेन्लीने केलेला आहे. पण लेखकाचं ऐकतो कोण? अमेरिकेतल्या निरूपणकारांना त्यात सैतानाची पूजा दिसली, वेड्यांचं इस्पितळ दिसलं. आपल्या निरूपणकारांना अर्थातच वेदान्त दिसला. एकदा पुण्याहून लोणावळ्याला जाताना एक्स्प्रेस-वेवर त्यांनी तो सगळ्या गाडीला समजावला.

"वाळवंट म्हणजे संसार. लांबून दिसणारा दिवा म्हणजे माया. आत शिरला तो अडकला. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा आहे हा!"

"अहो, लोणावळ्याचा फाटा गेला," मागून वहिनी म्हणाल्या.

"तेच सांगतोय मी. बाहेर पडताच येत नाही."

"आता घाट उतरा आणि चढा परत," वहिनी म्हणाल्या. फेऱ्याचा अर्थ गाडीतल्या सगळ्यांना तेव्हा पटला.

लग्नाच्या संगीतात यांना बोलवावं की नाही, याचा घरच्यांनी आधी विचार करावा. डीजेने द पोलीसचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लावलं आणि नवरा-नवरी हातात हात घालून डुलू लागली, की हे नवरीच्या मामाला कोपऱ्यात घेतात. "हे प्रेमगीत नाही हो. पाळत ठेवणाऱ्याचं गाणं आहे. स्टिंगनेच सांगितलंय!" माहिती शंभर टक्के खरी. पण त्यानंतर मामा रात्रभर जावयाकडे संशयाने बघत राहतो, त्याचं काय?

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असला की 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' हे ठरलेलं. सगळे पोट आवरत नाचत असतात, तेव्हा निरूपणकार वजाबाकी सांगतात. ब्रायन ॲडम्सचा जन्म नोव्हेंबर 1959 चा. म्हणजे त्या उन्हाळ्यात स्वारी नऊ वर्षांची! मग तो आकडा सालाचा कसा? ॲडम्स स्वतः म्हणतो की नाहीच. तो आकडा वेगळ्याच, वात्रट अर्थाने आहे. इथं निरूपणकार आवाज उतरवतात, कारण शेजारी कोणाची तरी मुलं उभी असतात. गंमत म्हणजे गाण्याचा जोडीदार लेखक जिम व्हॅलन्स म्हणतो, आकडा सालाचाच. दोघा लेखकांचंच एकमत नाही म्हटल्यावर निरूपणकारांना रान मोकळं.

असल्या मंडळींना जॉन लेननने 1967 साली गाठलं होतं. त्याच्या जुन्या शाळेतले एक मास्तर वर्गात मुलांकडून बीटल्सच्या गाण्यांचं रसग्रहण करून घेतात, असं त्याला पत्रातून कळलं. 'आय ॲम द वॉलरस'मध्ये त्याने मुद्दाम अगम्य शब्द कोंबले, की घ्या, लावा आता अर्थ! हा किस्सा निरूपणकारांना सांगून बघा. ते क्षणभरही डगमगत नाहीत. "अर्थ नाकारणं, हाच तर त्याचा अर्थ," म्हणून मोकळे होतात.

फ्रेडी मर्क्युरीने तर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा अर्थ शेवटपर्यंत धड सांगितला नाही. शहाणा माणूस. पण तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता, एवढा धागा यांना पुरतो. मग त्या सहा मिनिटांच्या गाण्यात यांना टेबललँडवरचं धुकं दिसतं आणि बोर्डिंगात एकटं पडलेलं पोर रडताना ऐकू येतं.

हसू येतं खरं, पण एक गोष्ट मान्य करायला हवी: शब्द ऐकण्याची तसदी हाच माणूस घेतो. 1984 साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाची तारीफ केली. त्या वेळी गाजत असलेलं त्याचं 'बॉर्न इन द यूएसए' म्हणजे व्हिएतनामहून परतून नोकरीसाठी दारोदार फिरणाऱ्या सैनिकाची कैफियत. रेगनसाहेबांच्या पदरी आपला एखादा निरूपणकार असता, तर त्याने भाषण आदल्या रात्रीच दुरुस्त करून दिलं असतं. अर्थात मग ते संपलं असतं की नाही, हा भाग वेगळा.

तेव्हा असा माणूस ओळखीत असेल तर जपा. त्याच्याकडून दोन-चार गाण्यांचे अर्थ जरूर समजून घ्या, त्यातले निम्मे खरेही निघतील. गाडी मात्र तुम्ही चालवा.