वसुलीची जीप

जुनी गाडी घेताना काय बघायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीस वर्षं बँकेत काढली. ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, कर्ज मंजूर करायच्या आधी आरसी बुकातला चासी नंबर आणि गाडीवरचा चासी नंबर जुळवायचा, कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्यायचा आणि खाली सही ठोकायची. असे छाप मी किती घेतले त्याला गणती नाही. तरीही २०२२ च्या जानेवारीत, शाहूवाडी तालुक्यातल्या एका गोठ्यामागं उभं राहून मी १ लाख ८० हजार रुपये मोजून दिले आणि चासी नंबर बघितला नाही.

पण आधी मूळ जीप. ती मी १९९२ साली घेतली, स्टाफ लोनवर. महिंद्राची एमएम ५४०. प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चार गिअर, आणि गिअरच्या दांडीशेजारी फोर व्हीलची ठेंगणी दांडी. आमच्या शाखेच्या हद्दीत वसुलीला जायचं तर रस्ता अर्ध्यातच संपतो आणि मोटरसायकलवरून आलेल्या साहेबाला गावातली कुत्रीसुद्धा मान देत नाहीत, असं कारण मी घरी दिलं होतं. खरं कारण एवढंच की मला ती हवी होती.

जीपचा वसुलीला मात्र काडीचा उपयोग झाला नाही. मी सायलेन्सर वेळेवर बदलत नसे. त्यामुळं मी ओढ्यापलीकडं असतानाच वस्तीवर वर्दी पोचायची आणि मी पोचेपर्यंत सगळे थकबाकीदार उसात. दारात फक्त म्हाताऱ्या आणि शेरडं. शेवटी आमचे शाखाधिकारी म्हणाले, "पुढच्या खेपेला एसटीनं जा हो. निदान माणसं घरी तरी सापडतील."

२००३ साली ती विकली. मुलगी दहावीला गेली होती आणि सौ.च्या कमरेला पट्टा लागला होता. डॉक्टरांनी तिला विचारलं, "कुठं पडला होतात का?" ती म्हणाली, "नाही, ह्यांच्या शेजारी बसते." यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. ६५ हजारांना जीप गेली. घेणारा वडाप करणार होता. आमच्या भागाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, वडाप म्हणजे तुमची काळी-पिवळी. दहाजणांच्या गाडीत बावीसजण, आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर. जीप वळणाआड गेली तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. सौ. आत पेढे वाटत होती, असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत आलो. पेढे नव्हते. शिरा होता.

मग २०२० च्या गांधी जयंतीला नवी थार बाजारात आली. तरुण पोरं तिच्यामागं वेडी झाली, आणि ज्यांना ती परवडेना ते गोठ्यागोठ्यांत जुन्या जीपा धुंडाळायला लागले. मी नुकताच निवृत्त झालो होतो. निवृत्त माणसाला सकाळी नऊनंतर करायला काही नसतं आणि खात्यात एकरकमी पैसा असतो. कर्ज देताना अशा गिऱ्हाइकाकडं आम्ही जरा संशयानंच बघत असू.

अशात बँकेतल्या जुन्या शिपायाचा फोन आला. "साहेब, तुमची जीप बघितली. कोंबड्या ऱ्हात्यात आत."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं.

गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीला टेकून ती उभी होती. हूड नव्हताच. मागच्या बाकावर एक कोंबडी खुडूक बसली होती आणि स्टिअरिंगवर कोंबडा. नंबर प्लेट पुढंही नव्हती, मागंही नव्हती. प्लेटच्या जागी नुसती भोकं. पण मला प्लेट कशाला हवी होती? मागच्या फाळक्याला बँकेच्या गेटनं पडलेला पोचा तिथंच होता. आणि डॅशबोर्डच्या खणाचं झाकण! ते मी सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. विष्ठा गेली, धूळ गेली आणि खालून हळूहळू अक्षरं वर आली. मुलगी पहिलीत असताना कंपासपेटीतल्या कर्कटकानं तिनं पत्र्यावर कोरलं होतं: एक सूर्य, एक घर, आणि खाली "बाबांची गाढी". तेव्हा मी तिला त्या "ढ" साठी एक रट्टा दिला होता. आता डोळे भरून आले.

तिथंच व्यवहार संपला. डोळ्यांत पाणी आलेल्या गिऱ्हाइकाला जगात कुणी भाव कमी करून देत नाही.

मालक तरणा होता. "तुमचीच व्हय ही?" म्हणाला. "आवो, हिचा आवाज आला की आमचं आबा उसात पळायचं! एकदा फुरसं चावता चावता ऱ्हायलं." आबा ओट्यावर बसून हसत होते. मग त्यांनीच नोटा मोजायला घेतल्या, थुंकी लावून, दोनदा. ह्याच आबांकडून १८ हजारांची थकबाकी काढण्यासाठी मी सहा हेलपाटे घातले होते. पुढं कर्जमाफीत ती वाहून गेली. नोटा कमरेला खोचून आबा म्हणाले, "बसा साहेब, च्या घ्या. ह्या खेपंला मी कुटं जात न्हाई."

कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. ती मी प्रसादासारखी, न उघडता खिशात घातली. घरी सौ.नं पहिला प्रश्न विचारला, "नंबर तोच आहे ना?"

"पोटच्या पोराला कुणी नंबरावरून ओळखतं का?"

"पोटची पोर पुण्यात आहे," ती म्हणाली. "तिच्या फोनचा नंबर तरी पाठ आहे का तुम्हाला?"

जीप टेम्पोवर चढवून कोल्हापुरात उद्यमनगरला आणली. उद्यमनगरात काय मिळत नाही? ओतकाम होतं, लेथ आहेत, गिअर कातणारे आहेत. अर्ध्या गल्लीत इंजिन उघडतं आणि उरलेल्या अर्ध्यात मिटतं. आमचे मेस्त्री साठीचे, बोलणं मोजकं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीटखाली हात घातला आणि एक अंडं बाहेर काढलं. ते उजेडात धरून म्हणाले, "हे कुठल्या मॉडेलचं?"

त्यांनी इंजिन आधी घ्यायचं ठरवलं. पंप खोलून आला, हीटर प्लग नवे पडले, टाकी आतून धुतली. चालू करायच्या दिवशी एअर काढायचं काम मी मागून घेतलं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं. आधी नुसता फेस येतो, मग फेसात डिझेल, मग डिझेलात फेस, आणि शेवटी एकही बुडबुडा नसलेली धार लागली की स्क्रू चालू धारेत आवळायचा. मी धार बघण्यात इतका रमलो की आवळायचं विसरलो. सदऱ्याला डिझेलचा वास अजून आहे. पण मेस्त्रींनी हीटर देऊन चावी फिरवली आणि इंजिन खोकलं, खाकरलं, काळा धूर ओकलं आणि लागलं. शेजारच्या गाळ्यातला पोरगा कानावर हात ठेवून पळाला. आवाज अगदी तोच होता. पैज लावली असती मी.

बरं झालं नाही लावली.

पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्यासाठी एजंटानं चासीचा छाप मागितला. हे तर माझं घराणं! मी कुणाला हात लावू दिला नाही. चासीच्या पट्टीवर तारेचा ब्रश मारला, रॉकेलचा बोळा फिरवला, पातळ कागद ताणून धरला आणि पेन्सिल आडवी करून घासायला लागलो. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. आरसीशी ताडून बघितला, तंतोतंत जुळला. मेस्त्रींकडं मी असं बघितलं की जणू नंबर मीच ठोकलाय.

घरी येऊन हौसेनं १९९२ ची फाईल काढली. बँकेचा माणूस कागद टाकत नाही. त्यात माझ्याच हातचा, पिवळा पडलेला छाप होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

एकही आकडा जागेवर नव्हता.

मग पहिल्यांदा आरसी नीट वाचली. गाडीचा नंबर माझ्या जीपचा नाही. इंजिन नंबरही माझ्या जीपचा नाही. आधीच्या मालकांमध्ये माझं नाव कुठं नाही. मी त्या तरण्या मालकाला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. "बॉडी तुमचीच की साहेब! तुमची चासी घाटात वाकली. दुसऱ्या एका वडापची चासी झ्याक हुती, पर बॉडी सडल्याली. मग दोनीची एक केली. कागद सगळं सरळ हाईत. तुमी इचारलंच न्हाई."

खरंच, मी विचारलंच नव्हतं. थोडक्यात, मी माझ्या जीपचा सदरा विकत घेतला होता; आत माणूस परका. दोन दिवस जेवण गेलं नाही. सौ.नं फक्त एकदा विचारलं, "तुम्ही मंजूर केलेली बाकीची कर्जं ठीक आहेत ना?"

तिसऱ्या दिवशी मी मनाची समजूत घातली की सदरा तर सदरा, आपला आहे. पोचा आपला आहे. आणि मेस्त्रींकडं गेलो. ते स्क्रूड्रायव्हर घेऊन पत्रा टोचत होते. फ्लोअरमध्ये स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. बाजूला टोचला, तिथंही गेला. एकोणीस वर्षं वडाप आणि कोंबड्या; पत्र्यानं करायचं तरी काय?

"साहेब," मेस्त्री म्हणाले, "ही बॉडी पत्र्याची राहिलेली नाही. नुसत्या रंगावर उभी आहे. रंग खरवडला की संपली."

नवी बॉडी बांधून घ्यावी लागली, १६ गेजच्या पत्र्याची. जुनी कापून भंगारात गेली. काट्यावर चढवताना मी तिथं थांबलो नाही. फक्त खणाचं झाकण आधी काढून घेतलं आणि नव्या डॅशबोर्डला लावायला सांगितलं. ते अर्धा सूत मोठं निघालं. कानस मारून बसवलं, पण खड्डा आला की आपोआप उघडतं.

पुढचं भराभर सांगतो, कारण त्यात नुसता खर्च आहे. पाटे, बुश, किंगपिन, ब्रेकचे लायनर, उंदरांनी खाल्लेली सगळी वायरिंग, हूड, रंग. एकूण ३ लाख ४० हजार. घरी १ लाख ९० सांगितले. पण मी प्रत्येक पैशाचं व्हाउचर तारखेप्रमाणे फाईलला लावणारा माणूस. ती फाईल सौ.ला सापडायला एक दुपार पुरली. शिवाय शोक करण्यात माझे जे दिवस गेले, त्यात नोंदणीचं नूतनीकरण एप्रिलवर ढकललं गेलं. आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झाली. उभा जन्म मार्चएंडला रात्रीचा दिवस केलेल्या माणसाचा मार्चएंड हुकला.

जुलैत गाडी रस्त्यावर आली. सौ. पट्टा बांधून शेजारी बसली. मी म्हटलं, मसाई पठाराकडं जाऊ, गाडी कशासाठी आहे मग? पन्हाळ्याच्या पुढं कच्च्या वाटेवर लाल चिखल लागला. मी ऐटीत फोर व्हीलची दांडी ओढली आणि गाडी चिखलात घातली. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. पुढची ढिम्म. रेस दिली. मागची आणखी खाली गेली आणि खणाचं झाकण उघडून सौ.च्या गुडघ्यावर आपटलं. अर्धा तास मी गिअरबॉक्स कसा गेला असेल, मेस्त्रींनी कुठं घोळ केला असेल, यावर बोललो.

म्हशींमागं जाणारा बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. म्हणाला, "काका, हब लॉक केलंय काय?"

पुढच्या चाकांना फ्री व्हील हब मीच हौसेनं बसवून घेतले होते. खाली उतरून हातानं फिरवून ते लॉक करावे लागतात, नाहीतर दांडी कितीही ओढा, पुढच्या चाकांना पत्ता नसतो. मी घोटाभर चिखलात उतरलो, दोन्ही हब फिरवले आणि गाडी निमूट बाहेर आली. पोराला पन्नास रुपये देऊ केले. त्यानं घेतले नाहीत, म्हशींना मात्र काहीतरी सांगितलं, आणि मला वाटतं त्या हसल्या.

परतताना वाघबीळला चहाला थांबलो. टपरीवरचा एक म्हातारा हातातला कप ठेवून उठला. जीपभोवती फिरला. बॉनेटवरून हात फिरवला, नव्याकोऱ्या बॉनेटवरून, आणि त्याचे डोळे भरले.

"माझी गाडी हाय ही," म्हणाला. "बारा वर्सं मलकापूर लाइनला वडाप केलं हिच्यावर."

मी म्हटलं, "पण बाबा, बॉडी नवी आहे, रंग नवा आहे. ओळखली कशावरून?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा मी कधीकाळी कागद न आणलेल्या कर्जदाराकडं बघायचो. "आवो, नंबरावरनं. मग कशावरनं वळकायची?"

जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यानं हळूच विचारलं, "द्याची हाय का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण सौ. पट्टा सावरत गाडीतून केव्हाच उतरली होती. तिनं टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला, बाकड्यावरची जागा हातानं झाडली आणि म्हणाली, "बसा पाव्हणं. आधी च्या घ्या. किती देताय?"